कापूस पिकतो तिथेच गिरणी? भूगोलाच्या उत्तरात या चुका टाळा

सुती वस्त्रोद्योगाच्या स्थानिकीकरणाचे, म्हणजे गिरण्या ठरावीक ठिकाणीच का उभ्या राहतात याचे, घटक विचारले की उत्तरपत्रिकेत ठरलेली यादी उतरते: कच्चा माल, दमट हवा, बंदर, मजूर, भांडवल. यादी तोंडपाठ असते, पण कोणता घटक कुठे आणि कधी लागू पडतो हे सुटून जातं. गुण तिथेच जातात.

सगळ्यात मोठी गफलत कच्च्या मालाची. वेचून आणलेल्या १०० किलो कापसातून जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी (कापसाचं बी) वेगळी काढताना, साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी जवळजवळ सगळी सरकी. एवढं ओझं लांब नेणं परवडत नाही, म्हणून जिनिंग-प्रेसिंग यवतमाळ, अकोल्याच्या कापूसपट्ट्यातच. पण रुई दाबून १७० किलोची गाठ बांधली, की पुढे सूत होताना वजन फारसं घटत नाही. गाठ न्या की सूत न्या, भाड्यात मोठा फरक पडत नाही. म्हणून गिरणी कापसापासून लांबही चालते. इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्ये कापूस पिकतच नव्हता, तरी तिथलं कापड जगभर गेलं. तेव्हा ‘कच्चा माल जवळ’ लिहिण्याआधी जिनिंगबद्दल बोलतोय की कताईबद्दल, ते ठरवा.

मुंबईच्या उत्तरात ‘जवळचा कोळसा’ तर कृपा करून लिहू नका. मुंबईजवळ कोळसा नाहीच. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये गिरणीची कंपनी काढली त्या काळात कोळसा आणि यंत्रं विलायतेहून बोटीने येत. १९१५ मध्ये खोपोलीची जलवीज सुरू झाली, तेव्हा गिरण्यांना दुसरा आधार मिळाला. मुंबईचं खरं बळ म्हणजे बंदर, कापसाच्या व्यापारातला पैसा आणि कोकण-घाटावरून आलेली माणसं.

दमट हवेचंही तसंच. कोरड्या हवेत सूत तुटतं, हे खरं. पण आता गिरणीच्या आतली आर्द्रता यंत्राने राखता येते. जमशेटजी टाटांनी तर १८७७ मध्येच एम्प्रेस मिल नागपूरच्या कोरड्या हवेत उभारली. कापूस शेजारी, जमीन स्वस्त आणि रेल्वे दाराशी, हा त्यांचा हिशेब होता.

आणखी एक: गिरणगाव, म्हणजे मुंबईतला गिरण्यांचा भाग, वर्तमानकाळात लिहू नका. १९८२ च्या संपानंतर तिथल्या बहुतेक गिरण्या एकेक करून बंद पडल्या. आजचं उदाहरण हवं असेल तर भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग घ्या आणि कारणंही त्यांचीच द्या: वीज, कुशल कारागीर, तयार बाजारपेठ.