‘नाव्रे’: काळजाला घरं पाडणारं क्रियापद

फ्रेंचची बी-१ परीक्षा देऊन मी पुण्यातल्या एका कंपनीत ग्राहकांच्या पत्रांना उत्तरं द्यायच्या कामाला लागले, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यातली गोष्ट. लियोनच्या एका बाईंनी कळवलं होतं, वडील वारले, त्यांच्या नावाचं खातं बंद करा. मी मनापासून लिहिलं, ‘व्होत्र मेसाज ए नाव्राँ’. तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं, असं मला म्हणायचं होतं. पाठवायच्या आधी टीम लीड ताईंनी वाचलं म्हणून बरं. वाचणाऱ्याला त्यातून लागणारा अर्थ होता, ‘तुमचं पत्र अगदीच सुमार आहे.’

‘नाव्राँ’ वस्तूला किंवा प्रसंगाला लागतं आणि बहुतेक वेळा कीव दाखवतं: रटाळ सिनेमा, लाजिरवाणं वागणं. स्वतःचं दुःख सांगायचं तर ‘झ स्वी नाव्रे’. पुढे ‘द’ जोडून कारण सांगायचं: ‘झ स्वी नाव्रे दाप्राँद्र...’, म्हणजे अमुक कळून फार वाईट वाटलं. ‘क’ जोडलं, तर पुढचं क्रियापद सब्जाँक्टिफमध्ये, म्हणजे भावना, इच्छा, शंका यांसाठीच्या वेगळ्या रूपात, जातं. इथे नवे लोक हमखास अडखळतात.

मूळ क्रियापद ‘नाव्रे’च. मराठी कानाला ‘नवरे’ ऐकू येतं, त्यामुळे पाठ करावं लागत नाही. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होता जखमी करणं. लढाईत घायाळ झालेल्या सरदारासाठी हा शब्द यायचा. त्याचं मूळ व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेत सांगतात. तिथे ‘नाफार’ म्हणजे सुताराचं गिरमिट, लाकडाला भोक पाडणारं. हे कळलं तेव्हा मला आपलं ‘काळजाला घरं पडणं’ आठवलं, आणि तेव्हापासून हे क्रियापद मला परकं वाटलेलं नाही.

‘देझोले’ त्याच्या शेजारचं. लॅटिनमधून आलेलं, मूळ अर्थ ओसाड करणं. रोजच्या ‘सॉरी’ला हेच वापरा. बसमध्ये धक्का लागला तर नुसतं ‘पार्दाँ’ पुरे. ‘नाव्रे’ थोडं वजनदार आहे. हॉटेलवाला ‘नाव्रे, से काँप्ले’ म्हणतो, खोली शिल्लक नाही म्हणून, तेव्हा ते निव्वळ अदबीचं असतं. पण मृत्यूच्या बातमीला उत्तर देताना त्याचं जुनं वजन परत येतं.

ताईंनी माझं वाक्य खोडून ‘झ स्वी नाव्रे’ लिहायला सांगितलं. मग स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘लिहिणारी तू आहेस ना, मग शेवटी आणखी एक ‘ई’ लाव. ऐकू येत नाही, पण दिसतो.’