क्रूझवर इनसाइड घ्यावी की बाल्कनी: पैसे भरण्याआधी काय पाहावं

बाल्कनीचं भाडं पाहून जीव दोलायमान झाला असेल तर आधी कागद-पेन घ्या. दोघांचं मिळून इनसाइडचं, म्हणजे आतल्या बिनखिडकीच्या केबिनचं, एकूण भाडं आणि बाल्कनीचं एकूण भाडं, यांची वजाबाकी करा. बंदर शुल्क आणि कर दोन्हीकडे सारखेच असतात. रोजच्या टिप्सही बहुतेक कंपन्यांत या दोन प्रकारांना एकाच दराने लागतात, स्वीट म्हणजे मोठ्या, महागड्या केबिनला मात्र जास्त. म्हणजे जो फरक उरेल तो निव्वळ बाल्कनीचा. एकट्याने जाणाऱ्याला बऱ्याचदा दोघांचं भाडं भरावं लागतं, त्यामुळे हा सगळा फरक त्याच्या एकट्याच्या खिशातून जातो.

आता त्या बाल्कनीत तुम्ही प्रत्यक्ष किती तास बसाल ते मोजा. ७ रात्रींच्या साध्या सफरीत समुद्रातले दिवस २ आणि बंदरांचे ४ धरू. समुद्रातल्या दिवशी पोहणं, जेवणं, कार्यक्रम यातून दिवसाउजेडी ३ तास बाल्कनीत गेले तरी पुष्कळ. बंदराच्या दिवशी सकाळी जहाज आत येताना अर्धा तास, संध्याकाळी निघताना अर्धा तास. पहिल्या संध्याकाळचा एक तास. बेरीज ११ तास. भाड्यातल्या फरकाला ११ने भागा. तासाला येणारा तो आकडा खुशीने द्यावासा वाटला तर बाल्कनी घ्या. नाही वाटला, तर तोच पैसा बंदरांवरच्या एखाद्या चांगल्या सहलीत घाला. अंधार पडल्यावरचे तास मोजू नका. उघड्या समुद्रात रात्री काळोखाशिवाय काही दिसत नाही.

हा हिशेब मार्गागणिक पार बदलतो, म्हणून मार्ग आधी आणि केबिन नंतर. अलास्का आणि नॉर्वेचे फ्योर्ड (उंच कड्यांमधल्या अरुंद खाड्या) या दोन ठिकाणी आमचं मत सरळ बाल्कनीच्या बाजूने आहे. तिथे जहाज चालू असतानाच पाहण्यासारखं सगळं दोन्ही अंगांनी सरकत असतं, पहाटे सहालाही आणि रात्री नऊलाही, आणि वरच्या डेकवर गारठा नि गर्दी असते. अकराचे पंचवीस तास सहज होतात. अलास्काची एकेरी सफर असेल तर बाजूही पाहा: व्हँकूव्हरहून उत्तरेला जाताना मुख्य किनारा जहाजाच्या उजव्या हाताला राहतो, परतीच्या दिशेने डाव्या. जाऊन-येऊन सफरीत हा प्रश्न उरत नाही. अलास्कातल्या ग्लेशियर बे या उपसागरात तर जहाज हिमनदीसमोर जागच्या जागी वळवतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना दृश्य मिळतं.

भूमध्य समुद्रात उलटं. रोज नवं बंदर, सकाळी उतरायचं, संध्याकाळी दमून परत. दिवसभर बाल्कनीसमोर धक्का आणि कंटेनर. व्हेनिसच्या जुन्या जाहिरातींना भुलू नका: ऑगस्ट २०२१पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना सान मार्को या तिथल्या मुख्य चौकासमोरून जायला बंदी आहे, म्हणजे केबिनमधून ते शहर सरकताना पाहण्याची संधी मोठ्या क्रूझवर राहिलेली नाही. अटलांटिक ओलांडणाऱ्या सफरीत समुद्रातले दिवस भरपूर, पण वारा आणि थंडीमुळे बाल्कनीत बसवेलच असं नाही. फार वारा असेल तेव्हा बाहेर न जाण्याची सूचनाही येते.

इनसाइडबद्दल लोकांना भीती वाटते ती कोंदटपणाची. हवेचा प्रश्न नसतो, वातानुकूलन सगळीकडे असतं. खरी गोष्ट काळोखाची. दिवा बंद केला की डोळ्यांपुढे धरलेला हातही दिसत नाही, आणि सकाळचे दहा वाजले तरी शरीराला पत्ता लागत नाही. पूर्वेकडे जाणाऱ्या सफरीत घड्याळ मधूनमधून एक तास पुढे करतात, तेव्हा तर नाश्ता हमखास चुकतो. उपाय सोपा आहे: बऱ्याच जहाजांवर टीव्हीच्या एका चॅनलवर पुढच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र असतं. ते आवाज बंद करून रात्रभर चालू ठेवा, उजाडलं की खोलीतही उजाडतं. बॅटरीवरचा छोटा रात्रीचा दिवा न्या, नाहीतर न्हाणीघराचा दिवा चालू ठेवून दार किंचित किलकिलं ठेवावं लागतं. उलट ज्यांना अंधारातच झोप लागते, त्यांना उन्हाळ्यात नॉर्वेच्या उत्तरेला, जिथे सूर्य मावळतच नाही, इनसाइडमध्ये सगळ्यात शांत झोप लागेल.

आकारातला फरक वाटतो तितका नसतो. इनसाइड साधारण १४ ते १७ चौरस मीटर, बाल्कनीची खोली १६ ते २०, आणि बाहेरचा भाग ४-५ चौरस मीटर, म्हणजे दोन खुर्च्या आणि एक छोटं टेबल. न्हाणीघर बहुधा दोन्हींत सारखंच. भिंती बहुतेक लोखंडी असतात, म्हणून लोहचुंबकाचे आकडे नेले तर टोप्या, ओळखपत्रं, ओले कपडे टांगता येतात. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर बचाव करणारी सोय) असलेला एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नका, तो जहाजावर काढून घेतात. चौघांचं कुटुंब असेल तर एका बाल्कनीत छतातून उतरणाऱ्या बर्थवर मुलांना झोपवण्यापेक्षा समोरासमोरच्या दोन इनसाइडचा भाव काढून बघा. बऱ्याचदा रक्कम जवळपास तेवढीच येते आणि न्हाणीघरं दोन मिळतात. सकाळी बंदरावर उतरायच्या घाईत याची किंमत कळते. फक्त मुलं वेगळ्या केबिनमध्ये किती अंतरावर चालतील, याचा कंपनीचा नियम आधी वाचा.

नावांवर जाऊ नका. ‘बाल्कनी’ लिहिलं म्हणजे समोर समुद्र असेलच असं नाही. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या २००९ पासूनच्या ओॲसिस वर्गातल्या जहाजांवर काही बाल्कन्या आतल्या बाजूला, सेंट्रल पार्क नावाच्या बागेवर किंवा बोर्डवॉक नावाच्या फिरण्याच्या मोकळ्या जागेवर उघडतात. सेलिब्रिटी एज या जहाजावर तर बाल्कनी म्हणजे खोलीचाच शेवटचा भाग, तिथे बटण दाबल्यावर काचेचा वरचा अर्धा भाग खाली सरकतो. याच्या उलट काही इनसाइडना बाहेरचं काहीतरी दिसतं: डिस्ने ड्रीम या जहाजाच्या इनसाइडमध्ये गोल पडद्यावर बाहेरचं थेट चित्र येतं. आणि स्वस्त बाल्कनीच्या वर्णनात दृश्य अडलेलं असल्याचा उल्लेख दिसला तर समोर बहुतेक लाइफबोट टांगलेली आहे असं समजा.

प्रकार ठरला तरी अर्धंच काम झालं. जागा चुकली तर महागडी बाल्कनीसुद्धा त्रासाची होते. डेकचा नकाशा उघडा, आपल्या केबिनवर बोट ठेवा आणि वरच्या नि खालच्या डेकवर त्याच ठिकाणी काय आहे ते पाहा. वर पोहण्याचा तलाव किंवा बुफे असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज थेट डोक्यावर येतो. खाली नाट्यगृह किंवा नाइटक्लब असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. अगदी पुढे आणि खालच्या डेकवर नांगराची साखळी आणि धक्क्याला लागताना थ्रस्टरची, म्हणजे जहाज आडवं सरकवणाऱ्या पंख्यांची, घरघर, अगदी मागे इंजिनाचा कंप. नकाशावर नाव नसलेली मोठी पांढरी जागा ही बहुतेक स्वयंपाकघर किंवा कर्मचाऱ्यांची वाट असते, तिच्याशेजारी नको. दोन केबिनना जोडणारं दार असेल तर पलीकडचं बोलणं ऐकू येतं. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असलेली जागा सगळ्यात सुरक्षित.

समुद्र लागणाऱ्यांना ‘बाल्कनी घ्या, मोकळी हवा मिळेल’ असं सर्रास सांगतात. क्षितिज पाहिल्याने मळमळ कमी होते हे खरं. पण बाल्कन्या बहुतेक वरच्या डेकवर असतात, आणि जहाजाचं डोलणं वर जाल तसं जास्त जाणवतं. पुढे-मागे उचलणं-आपटणं टोकांना सर्वांत जास्त, मधोमध सर्वांत कमी. म्हणून ज्याला फार त्रास होतो त्याने खालच्या डेकवरची मधली इनसाइड घ्यावी आणि क्षितिज पाहायला मोकळ्या डेकवर जावं. दोन्ही हवं असेल तर खालच्या डेकवरची, मधली, खिडकीवाली ओशनव्ह्यू हा फार चांगला मध्यममार्ग आहे, आणि लोक तो विनाकारण विसरतात.

बाल्कनी घेतलीच तर तिचं दार जपून हाताळा. बाल्कनीचं आणि केबिनचं दार एकदम उघडं राहिलं की वारा आरपार घुसतो आणि जड दार बोटांवर आपटतं. एकाने बाल्कनीचं दार लावल्याशिवाय दुसऱ्याने केबिनचं उघडू नये. काही जहाजांवर बाल्कनीचं दार उघडताच वातानुकूलन बंद होतं, आणि दमट हवामानात दार उघडं ठेवलं तर आतल्या भिंतींना घाम फुटतो. सिगारेट बाल्कनीत ओढू नका. २००६ मध्ये स्टार प्रिन्सेस जहाजावरची आग बाल्कनीतूनच पसरली, एका प्रवाशाचा जीव गेला आणि तपासात फेकलेलं थोटूक हेच संभाव्य कारण निघालं. त्यानंतर बाल्कनीतल्या सामानाचे आणि आग शोधणाऱ्या यंत्रणेचे नियम कडक झाले. ओला टॉवेल कठड्यावर वाळत घालणंही नको, तो उडून खालच्या बाल्कनीत जातो.

‘गॅरंटी’ नावाचं स्वस्त भाडं दिसलं तर अट समजून घ्या: प्रकार तुमचा, क्रमांक कंपनीचा, आणि तो अनेकदा निघण्याच्या थोडंच आधी कळतो. गाढ झोप लागणाऱ्याने इनसाइडसाठी हे खुशाल घ्यावं. समुद्र लागणाऱ्याने किंवा शेजारी केबिन हव्या असणाऱ्या कुटुंबाने अजिबात घेऊ नये. बुकिंगनंतर बोली लावून वरच्या प्रकारची केबिन मिळवायचा ईमेल येतो, त्यातही तीच मेख: बोली मान्य झाली की तुम्ही निवडलेली मधली शांत जागा जाते, आणि मिळेल ती बाल्कनी घ्यावी लागते. बोलीची रक्कम बहुतेक माणशी असते, तेव्हा ती दुप्पट करूनच फरकाशी ताडून पाहा. उरलेली रक्कम भरायची शेवटची तारीख साधारण दोन-तीन महिने आधी येते. तिच्या आदल्या आठवड्यात आपल्याच सफरीचे ताजे भाव पुन्हा बघा. बाल्कनी उतरली असेल तर त्या तारखेआधी बऱ्याच कंपन्या नवा भाव लावून देतात, नंतर सहसा नाही.