क्वार्टरबॅकच्या हातून बॉल जातो कसा? या चुका टाळा

दर शनिवारी सकाळी न्यू जर्सीत मी शाळकरी पोरांना फुटबॉल शिकवतो. इथला फुटबॉल, लांबट बॉलचा. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला पन्नास यार्डांचा पास फेकायचा असतो, बॉल धरायला मात्र कुणालाच शिकायचं नसतं. रविवारी टीव्ही लावावा, तर एनएफएलमधले, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमधले दिग्गज क्वार्टरबॅकही (डाव चालवणारे, पास फेकणारे खेळाडू) बॉल नीट न सांभाळताच खेळताना दिसतात.

मेलेला डाव उठवायला जाणं. माझं सगळ्यात जुनं दुखणं हेच. २४ जानेवारी २०१०, न्यू ऑर्लीन्स. मिनेसोटा आणि न्यू ऑर्लीन्सचा संघ सेंट्स २८-२८ बरोबरीत, १९ सेकंद शिल्लक, जिंकणारा संघ ‘सुपर बोल’ या अंतिम सामन्यात जाणार. मिनेसोटाचा क्वार्टरबॅक ब्रेट फाव्हर तेव्हा चाळीस वर्षांचा. त्या मोसमात त्याचे फक्त ७ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास) झाले होते, म्हणजे माणूस शहाणा झालाय असं आम्ही समजत होतो. आदल्याच क्षणी हडलमध्ये, म्हणजे डाव ठरवायच्या घोळक्यात, बारावा माणूस उभा राहिला म्हणून पाच यार्डांचा दंड बसलेला. तरी फील्ड गोलची, म्हणजे बॉल खांबांमधून लाथाडून गुण मिळवायची, आशा होती, लांबून का होईना. फाव्हर उजवीकडे धावला आणि धावता धावता अंग वळवून बॉल उलट दिशेला, मैदानाच्या मधोमध फेकला. सेंट्सच्या ट्रेसी पोर्टरने तो अलगद पकडला. ओव्हरटाइममध्ये सेंट्स ३१-२८ जिंकले. एका बाजूला धावताना दुसऱ्या बाजूला फेकू नये, हे मी दहा वर्षांच्या पोरांना सांगतो! पॉकेटबाहेर, म्हणजे आपल्या खेळाडूंनी धरलेल्या संरक्षक कड्याबाहेर, आलात आणि कुणी मोकळा नाही, तर बॉल लाइन ऑफ स्क्रिमेजच्या (डाव जिथून सुरू होतो ती रेषा) पुढे साइडलाइनबाहेर भिरकावून द्या. त्याला दंड नाही. लाज तर मुळीच नाही.

पळताना बॉल अंगापासून लांब ठेवणं. फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये जेलन हर्ट्स अप्रतिम खेळला. पण एकदा पळताना, कुणी हात लावायच्या आधीच, बॉल निसटला. समोरच्या कॅन्सस सिटीच्या निक बोल्टनने तो उचलून ३६ यार्ड नेला, थेट एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात: टचडाउन. हर्ट्सच्या संघाच्या हातून सामना ३८-३५ ने गेला, म्हणजे तीन गुणांनी. बॉलच्या टोकावर बोटं, मग तळवा, कोपरापर्यंतचा हात, दंड आणि छाती, असा पाच ठिकाणी बॉल दाबलेला हवा. मी बॉल बादलीत बुडवून, ओलाच पोरांच्या हातात देतो. पुस्तकात असलं काही नसेल, पण चार शनिवारांत फरक दिसतो.

पॉकेटमध्ये एका हाताने बॉल मिरवणं. मागून येणारा दिसत नाही. फेकेपर्यंत दोन्ही हात बॉलवर.

पायलॉनकडे, म्हणजे एंड झोनच्या कोपऱ्यातल्या खुणेकडे, बॉल धरलेला हात लांबवणं. २०१७ मध्ये रेडर्सच्या डेरेक कारने डॅलसविरुद्ध हेच केलं. हातून निसटलेला बॉल एंड झोनमधून बाहेर गेला की तो समोरच्यांचा. हा नियम मलाही जाचक वाटतो, पण आहे तो आहे.

सॅकला घाबरणं. सॅक म्हणजे पास फेकायच्या आधीच क्वार्टरबॅकला खाली पाडणं; त्यात काही यार्ड जातात, बॉल आपल्याकडेच राहतो. मार्क सँचेझ २०१२ च्या थँक्सगिव्हिंगला डाव फसल्यावर वेळेत खाली बसला असता, तर स्वतःच्याच लाइनमनच्या (पुढे उभं राहून रक्षण करणाऱ्या खेळाडूच्या) पार्श्वभागावर आपटून बॉल घालवण्याची वेळ आली नसती. ती क्लिप पोरांना दाखवली की आधी पाच मिनिटं नुसता हशा.

गेल्या शनिवारी एक बाबा कुंपणापाशी येऊन म्हणाले, "सर, तीन आठवडे झाले, लांब पास कधी शिकवणार?" मी त्यांच्या हातात बादली दिली आणि म्हटलं, "आधी पाणी भरून आणा."