व्हर्जिनियाच्या सरहद्दीवरचा पूर्वज मिलिशियात होता का, कसं शोधायचं

अमेरिकन क्रांतीच्या आधीचा मिलिशियातला (म्हणजे स्थानिक लोकांच्या हंगामी सैन्यातला) माणूस शोधायचा तर बहुतेक जण थेट त्याचं नाव टाकून सर्च मारतात आणि काही मिळालं नाही की सोडून देतात. माझं ऐका, आधी कॅप्टन शोधा. तेव्हा मिलिशियाची कंपनी म्हणजे आजूबाजूच्या वस्तीतलेच पुरुष, 1757 च्या कायद्याने 18 ते 60 वयाचे, त्यामुळे जमिनीच्या खरेदीखतात शेजारी कोण, साक्षीदार कोण हे लिहून काढलं की तीच माणसं कंपनीच्या यादीत एकामागोमाग दिसायला लागतात. कॅप्टन, लेफ्टनंट काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) कोर्टात शपथ घ्यायचे, ती नोंद कोर्टाच्या ऑर्डर बुकात, म्हणजे कामकाजाच्या वहीत सापडते.

पण काउंटी कुठली हे आधी नक्की करा, इथेच सगळे अडकतात. उदाहरणार्थ सरहद्दीवरची ऑगस्टा काउंटी कायद्याने 1738 ला झाली पण तिचं कोर्ट 1745 ला सुरू झालं, तोवरचे कागद ऑरेंज काउंटीत. पुढे 1770 ला बॉटटॉट वेगळी, 1772 ला फिनकॅसल वेगळी. म्हणजे कुटुंब एकाच घरात बसलेलं आणि कागद तीन कोर्टांत, असंही होतं.

फ्रेंच-इंडियन युद्धासाठी (ब्रिटिश आणि फ्रेंचांचं उत्तर अमेरिकेतलं युद्ध, 1754 ते 1763) सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे हेनिंग या संपादकाने छापलेले व्हर्जिनियाचे जुने कायदे, त्याच्या सातव्या खंडात सप्टेंबर 1758 च्या कायद्याला जोडून काउंटीवार पगाराची यादी आहे, नाव आणि पुढे पौंड-शिलिंग-पेन्स, ऑगस्टाची तर लांबलचक आहे, ऑनलाइन फुकट वाचता येते. मात्र त्यात धान्य, मांस, घोडे पुरवणाऱ्यांचेही पैसे आहेत, म्हणून नाव दिसलं की लगेच सैनिक ठरवू नका, पैसे कशाचे ते वाचा.

1774 च्या डनमोरच्या युद्धाची (डनमोर हा व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर) पगारपत्रकं लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात आहेत, आणि सरहद्दीवरचा बराच पत्रव्यवहार, याद्या ड्रेपर नावाच्या संग्राहकाने गोळा केल्या त्या मॅडिसनला विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीत. 10 ऑक्टोबर 1774 ला पॉइंट प्लेझंटला अँड्र्यू लुईसच्या हाताखाली लढलेल्यांचा शोध इथूनच लागतो. समोर कॉर्नस्टॉक या प्रमुखाचे शॉनी (मूळ अमेरिकन जमात) होते, स्वतःची जमीन वाचवायला लढत होते, घरचा इतिहास लिहिताना ते पण लिहा, मला ते फार गरजेचं वाटतं.

जमिनीच्या बक्षिसाबद्दल खूप गैरसमज आहे. 1763 च्या राजाच्या जाहीरनाम्यात फ्रेंच-इंडियन युद्धातल्या साध्या शिपायाला 50 एकर होते, व्हर्जिनियात त्याचे दावे 1779-80 ला काउंटी कोर्टांत सिद्ध झाले, पण ते व्हर्जिनिया रेजिमेंट (वसाहतीची पगारी फौज) नाहीतर रेंजर (सरहद्दीवर गस्त घालणाऱ्या) कंपनीत असलेल्यांसाठी, नुसत्या मिलिशियावाल्यांना नाही. म्हणून दावा सापडला नाही तर पूर्वज लढला नाही असं नाही होत.

चॉकली या संकलकाने 1912 ला छापलेले ऑगस्टाच्या कोर्टाच्या कागदांचे उतारे शोधायला मस्त, पण ते उतारेच, त्यात गाळलेलं आणि चुकीचं वाचलेलं आहे, सापडलेली प्रत्येक ओळ मूळ ऑर्डर बुकाच्या मायक्रोफिल्मवर पडताळा. आडनाव जमतील तितक्या स्पेलिंगने बघा. सीनियर-ज्युनियर बाप-लेकच असतील असं नाही, काका-पुतणे नाहीतर नुसते एकाच नावाचे दोन शेजारी पण असू शकतात. आणि 1752 च्या आधी वर्ष 25 मार्चला बदलायचं, त्यामुळे फेब्रुवारी 1742 लिहिलेला कागद आपल्या हिशोबाने 1743 चा असतो.