‘इंटरमेंट’ नेमका कुठे वापरायचा

इंग्रजी शोकवार्तेत ‘प्रायव्हेट इंटरमेंट’ दिसलं, तर दफन फक्त घरच्यांच्या उपस्थितीत होणार आहे आणि इतरांनी दफनभूमीत येणं अपेक्षित नाही, असं समजावं. ‘फ्युनरल’ म्हणजे निरोपाचा विधी, तर ‘इंटरमेंट’ म्हणजे प्रत्यक्ष दफन. दोन्हींची वेळ आणि जागा वेगळी असू शकते. भाषांतरात दोन्हींना सरसकट ‘अंत्यसंस्कार’ लिहिलं, तर वाचणारा भलत्याच ठिकाणी पोचेल.

शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘टेरा’ म्हणजे जमीन आहे. क्रियापद ‘इंटर’; उच्चारताना जोर ‘टर’वर द्यायचा. भूतकाळी ‘इंटर्ड’मध्ये ‘आर’ दोनदा येतो, नामात मात्र एकदाच.

सर्वांत जास्त घोळ ‘इंटर्नमेंट’शी होतो. त्याचा अर्थ स्थानबद्धता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबलं, ते ‘इंटर्नमेंट’. दोन्ही शब्द शब्दकोशात असल्याने स्पेलचेकर ही चूक पकडेलच असं नाही, आणि शोकसंदेशात ती फार बोचते. म्हणून छापण्याआधी एकच जागा तपासा: ‘एम’च्या लगेच आधी ‘आर’ हवा. तिथे ‘एन’ असेल तर माणूस पुरला नाही, कैदेत टाकला असा अर्थ होतो.

रक्षा जमिनीत पुरली तरी ‘इंटरमेंट ऑफ अ‍ॅशेस’ म्हणतात. त्यामुळे मजकुरात नुसतं ‘रिमेन्स’ असेल तर पार्थिव की रक्षा, हे विचारून घेतल्याशिवाय मराठी करू नये. रक्षा कलशात ठेवणं म्हणजे ‘इनर्नमेंट’. शवपेटी समाधीच्या बांधीव कप्प्यात ठेवली तर ‘एन्टूम्बमेंट’.

शब्द औपचारिक आहे. निवेदन, नोंदवही, इतिहासलेखन इथे तो शोभतो. शोकात असलेल्या माणसाशी बोलताना मात्र ‘बरिअल’च म्हणावं, ‘इंटरमेंट’ने बोलण्यात परकेपणा येतो. खजिना, बी, केबल पुरण्यासाठी साधं ‘बरी’ पुरतं.

पुरलेलं पार्थिव बाहेर काढणं म्हणजे ‘डिसइंटरमेंट’, आणि पुन्हा दफन म्हणजे ‘रीइंटरमेंट’. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५मध्ये मारला गेला. त्याचा सांगाडा २०१२मध्ये लेस्टरच्या एका कार पार्कखाली सापडला आणि २६ मार्च २०१५ रोजी तिथल्या कॅथीड्रलमध्ये पुरला गेला. त्या दिवसासाठी ‘रीइंटरमेंट’ हाच नेमका शब्द; नुसतं ‘इंटरमेंट’ लिहिलं तर आधीचं दफन गाळल्यासारखं होतं.