रूप बदलणारा खेळण्यातला रोबो ठरलेल्या खर्चात बसवताना

चित्र काढण्याआधी तीन आकडे ठरवा: भाग किती, प्लॅस्टिकचे रंग किती, रंगकामाचे टप्पे किती. पोलादी साच्याचा खर्च एकदाच होतो आणि सगळ्या नगांवर वाटला जातो. जुळणी आणि रंगकाम मात्र प्रत्येक नगाला नव्याने लागतं. म्हणून बारकावे साच्यातच कोरून घ्या.

मग सांध्यांची यादी करा. प्रत्येकापुढे लिहा: रूप बदलायला, पवित्रा घ्यायला, की दोन्हीला? कोपराची बिजागरी हात दुमडून गाडीच्या रूपात बॉनेटखाली नेत असेल, तर तिला हात लावू नका. कात्री लावायचीच तर आधी मनगट, मग कंबर. गुडघे आणि मांड्यांचे सांधे राखा. ते गेले की उरतो तो खांब.

हातपाय भरीव करू नका. जाड प्लॅस्टिक उशिरा थंड होतं आणि पृष्ठभागावर खळगे पडतात. भिंत साधारण २ मिमी, आतल्या आधारपट्ट्या तिच्या निम्म्या जाडीच्या. पोकळ बाजू रोबोच्या पाठीकडे वळवा.

खरी कसोटी रंगांच्या वाटणीत लागते. साच्यातून एका रनरवर, म्हणजे भागांना जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या काडीवर, जोडून निघणारे सगळे भाग एकाच प्लॅस्टिकचे, एकाच रंगाचे असतात. निळ्या रनरवर एक करडा भाग भरकटला, तर तो रंगवावा लागतो किंवा निळाच ठेवावा लागतो. घट्ट सरकणाऱ्या भागांवर रंग नकोच: सांधा अडकतो, रंग खरवडला जातो. काचांसाठीच्या पारदर्शक भागातून बिजागरीची पिन नेऊ नका. तो पिनेभोवती तडकतो.

एकामागून एक बिजागऱ्यांची साखळी लांबली की प्रत्येकीची थोडीथोडी चूक शेवटच्या भागावर साठते आणि दार मिटत नाही. साखळी तीनच्या आत ठेवा आणि शेवटचा भाग पक्क्या सांगाड्यातल्या खाचेत अडकवा.

डोकं स्वतंत्र भाग असू द्या. १९८४ च्या ट्रान्सफॉर्मर्स या रूप बदलणाऱ्या रोबोंच्या खेळण्यांमध्ये स्टारस्क्रीम, स्कायवॉर्प आणि थंडरक्रॅकर ही तिन्ही विमानं मुळात एकाच साच्यातली, फक्त रंग वेगळे. डोकंही बदलता आलं, तर त्याच साच्यातून आणखी वेगळं पात्र निघतं.

सांध्याची घट्टाई थ्रीडी प्रिंटवरून ठरवू नका, घर्षण वेगळं असतं. साच्यात सांध्याची खुंटी आधी किंचित बारीक ठेवा. पोलाद आणखी कोरून ती जाड करता येते. कोरलेलं पोलाद परत भरणं महाग पडतं.