ड्राय मीडसाठी मध कसा निवडावा

मीड म्हणजे मध पाण्यात आंबवून केलेली दारू, आणि ड्राय म्हणजे गोडी न उरलेली. ड्राय मीडमध्ये यीस्ट मधातली साखर खाऊन टाकतं. मागे उरतो तो फुलांचा वास, आंबटपणा आणि असलाच तर कडवटपणा. म्हणून बोटाला लावून चाटलेला मध कितीही छान लागला तरी त्यावरून निवड करू नका. गोडीमुळे सगळे दोष झाकले जातात. बशीत एक चमचा मध घ्या, त्यावर तीन चमचे कोमट पाणी घाला, ढवळा आणि नाक जवळ नेऊन वास घ्या. फुलांचा, फळाचा, लाकडाचा असा काही वास आला तर पुढे जा. नुसता साखरेच्या पाकासारखा वास आला तर त्याची मीडही तशीच फिकी होणार.

पुणेकरांना सगळ्यात जवळचा म्हणजे महाबळेश्वर भागातला जांभळाचा मध. रंग गडद, चव किंचित तुरट-कडवट. पोळीबरोबर खायला उत्तम, पण ड्राय मीडमध्ये निव्वळ तोच वापरला तर कडवटपणा पुढे येतो. त्याचं प्रमाण एकूण मधाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत ठेवा, बाकीचा फिक्या रंगाचा मध घाला. सह्याद्रीतलं कारवीचं झुडूप साधारण सात वर्षांतून एकदाच एकगठ्ठा फुलतं. कारवीचा मध हाती लागलाच तर तो मीडमध्ये घालू नये, खावा. पहिल्या खेपेला लिचीचा मध सोपा जातो: फिक्या रंगाचा, सुवासिक, साखर गेल्यावरही वास टिकवणारा. ओव्याच्या मधाला मसालेदार झाक असते, ती ड्राय मीडला शोभते. सूर्यफुलाचा मध मिश्रणात भर म्हणून ठीक. मोहरीचा स्वस्त मिळतो, लवकर गोठतो आणि मीडमध्ये उग्र लागतो, तो टाळा. गोठलेला मध भेसळीचा असतो हा मात्र गैरसमज आहे. बरणी 40 अंशांच्या पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो.

आग्या मोहोळाचा पिळून काढलेला मध बहुधा पातळ असतो. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या निकषानुसार मधात जास्तीत जास्त 20 टक्के ओलावा चालतो. त्याहून पातळ मध बरणीतच आंबू लागतो, शिवाय साखर कमी भरते. पेटीतला, पोळं सीलबंद झाल्यावर काढलेला मध मागा. पाण्यात थेंब टाकणं, कापसाची वात पेटवणं या चाचण्यांनी भेसळ कळत नाही. तांदळाच्या सिरपची तर नाहीच. गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत तपासणीची चौकशी करता येते.

पाच लिटरसाठी दीड किलो मध आणि साधारण चार लिटर पाणी. मध उकळू नका, वास उडून जातो. हायड्रोमीटरवर (द्रवाची घनता, म्हणजे त्यातल्या साखरेचा अंदाज देणारं साधन) 1.085 ते 1.088 दिसायला हवं. तळाशी न विरघळलेला मध राहिला तर आकडा खोटा येतो, म्हणून नीट ढवळा. 71बी या वाइन यीस्टचं पाच ग्रॅमचं पाकीट पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे कोमट पाण्यात भिजवून घाला. मधात नायट्रोजन फारच कमी असतो, म्हणून फर्मेड-ओ (यीस्टचं नायट्रोजनयुक्त खाद्य) एकूण साडेचार ग्रॅम, चार भागांत: 24, 48 आणि 72 तासांनी, चौथा भाग हायड्रोमीटरचा आकडा 1.058 वर आला की. प्रत्येक वेळी आधी हळूहळू ढवळून वायू काढा. थेट पावडर टाकलीत तर फेस ओट्यावर! सडक्या अंड्याचा वास आला तर बहुतेक वेळा यीस्ट उपाशी आहे असं समजा.

तापमान 18 ते 20 अंश हवं. पुण्यात हिवाळ्यात हे त्या मानाने सोपं जातं. एप्रिल-मेमध्ये भांडं पाण्याच्या टबात ठेवून बर्फाच्या बाटल्या बदलत राहावं लागतं. उष्णतेत मीड झोंबरी, थिनरसारखी होते, आणि मध महागातला असला तरी ती सुधारत नाही. बाटली घट्ट बंद करू नका, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारं, पण हवा आत न येऊ देणारं झाकण) लावा.

मध ठरवायला पाच लिटर घालवायची गरज नाही. प्रत्येक मधाचे 300 ग्रॅम घ्या, पाणी घालून एकूण एक लिटर करा, यीस्ट एक ग्रॅम, फर्मेड-ओ 0.9 ग्रॅम. मोठ्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवा. हायड्रोमीटरचा आकडा 1.000 च्या खाली जाऊन आठवडाभर तिथेच थांबला की एकाच दिवशी चाखा. कोणता मध पोकळ आहे आणि कोणता कडू, ते तेव्हाच कळतं.

एक गोष्ट आधीच पाहा: महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 नुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, घरगुती असलं तरी. त्यामुळे राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे आधी विचारून घ्या.

गाळ बसला की मीड नळीने दुसऱ्या भांड्यात काढा, भांडं गळ्यापर्यंत भरा. लिचीची तीन महिन्यांत पिण्याजोगी होते. जांभूळ घातलेली असेल तर सहा महिने हात लावू नका.